त्रांब्ले आडनावाचे मूळ: शब्द कुठला आणि घराणे कुठले

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या मुलाने मॉन्ट्रियलमध्ये लग्न केले, सूनबाई क्वेबेक प्रांतातील सागने भागातल्या, आणि त्यांचे आडनाव त्रांब्ले. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला तिच्या आईकडचा वंशवृक्ष भेट द्यावा, असे आपल्या मनात आहे. शोध घेताना एका विक्रेत्याने ‘त्रांब्ले घराण्याचे कुलचिन्ह’ छापलेला कागद देऊ केला आणि हे नॉर्मंडीतील जुने सरदार घराणे असल्याचे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी वाचायला मिळाले की मूळ पुरुष साधा मजूर होता. तिसऱ्या ठिकाणी त्याच्या पत्नीचा उल्लेख ‘राजाच्या कन्यां’पैकी एक असा होता. यांपैकी खरे काय मानावे, हा आपला प्रश्न.

क्वेबेकच्या जुन्या चर्चनोंदी वाचून कुटुंबांच्या साखळ्या जुळवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट अशी सांगेन की आपण एकच प्रश्न विचारला असला तरी त्यात दोन प्रश्न गुंतले आहेत. आडनाव कुठून आले हा एक आणि हे कुटुंब कुठून आले हा दुसरा. विक्रेते या दोन्हींची सरमिसळ करतात, कारण त्यातूनच कुलचिन्हाचा कागद विकला जातो. बहुतेक फ्रेंच आडनावांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी दुसऱ्याला त्याचा काही उपयोग होत नाही. त्रांब्लेच्या बाबतीत मात्र, निदान क्वेबेकमध्ये, परिस्थिती जरा निराळी आणि आपल्या दृष्टीने सोयीची आहे.

आधी शब्दाकडे पाहू. फ्रेंचमध्ये ‘त्रांब्ल’ म्हणजे पॉप्लरच्या जातीचे एक झाड, ज्याची पाने जराशा वाऱ्यानेही थरथरतात, आणि नावही त्या थरथरण्यावरूनच पडले आहे. अशी झाडे जिथे दाट होती त्या जागेला लॅटिन प्रत्यय लागून जे नाव बनले, त्याचे रूप झिजत झिजत ‘त्रांब्ले’ झाले. आपल्याकडे पिंपळगावे गावोगावी सापडतात आणि त्या प्रत्येकातून बाहेर पडलेला माणूस पिंपळगावकर होऊ शकतो, म्हणून दोन पिंपळगावकर एकमेकांचे भाऊबंद ठरत नाहीत. फ्रान्समध्येही तसेच आहे. पॅरिसच्या ईशान्येला त्रांब्ले-आं-फ्रांस आहे, पश्चिमेला ल त्रांब्ले-स्यूर-मोल्द्र आहे, ब्रिटनीत त्रांब्ले नावाचे एक गाव आहे, शिवाय वाड्यावस्त्यांची आणि शेतांची नावे वेगळीच. मध्ययुगाच्या उत्तरार्धात लोकांची ओळख राहत्या किंवा सोडलेल्या जागेवरून पटवली जाऊ लागली आणि ती ओळख हळूहळू वंशपरंपरागत झाली, तेव्हा हे आडनाव फ्रान्समध्ये अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उगवले. म्हणून ‘त्रांब्ले आडनावाचे मूळ गाव’ असे एकच गाव दाखवता येत नाही, आणि जो दाखवतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

सरदारकीचा दावाही इथेच निकालात काढता येतो. फ्रान्समध्ये कुलचिन्ह विशिष्ट व्यक्तीचे वा विशिष्ट कुटुंबाचे असते, आडनावाचे नसते. त्रांब्ले नावाशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यू याचे विश्वासू सल्लागार पेर झोझेफ (1577–1638). त्यांचे पूर्ण नाव फ्रांस्वा ल क्लेर द्यू त्रांब्ले असे होते. या नावात आडनाव आहे ल क्लेर, आणि ‘द्यू त्रांब्ले’ हा त्यांच्या कुटुंबाच्या जहागिरीचा उल्लेख आहे. म्हणजे सूनबाईंच्या घराण्याशी त्यांचा संबंध जोडण्याला केवळ अक्षरांच्या साम्यापलीकडे आधार नाही. नावापुढे ‘द’ किंवा ‘द्यू’ आले की माणूस सरदार, ही समजूतही चुकीची आहे. कितीतरी शेतकऱ्यांच्या नावांत ही अक्षरे केवळ जागा दाखवण्यासाठी येतात. कुलचिन्हाचा कागद शोभेची वस्तू म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, पण वंशवृक्षात त्याला जागा देऊ नये.

आता कुटुंबाकडे वळू. क्वेबेकमधील आणि तिथून पसरलेले उत्तर अमेरिकेतील त्रांब्ले जवळजवळ सगळेच एका जोडप्याचे वंशज आहेत: प्येर त्रांब्ले आणि ओझान आशों. प्येरचा जन्म 1626 च्या सुमारास रांदोने या गावी झाला. वडील फिलिबेर त्रांब्ले, आई झान कोन्ये. रांदोने पेर्श या प्रांतात होते. आजच्या नकाशात ते ओर्न जिल्ह्यात, म्हणजे नॉर्मंडी विभागात येते, आणि विक्रेत्याच्या ‘नॉर्मंडी’चा उगम बहुधा हाच असावा, पण त्या काळी पेर्श हा नॉर्मंडीला लागून असलेला वेगळा प्रांत होता आणि तिथून गेलेल्या लोकांना कॅनडात आजही ‘पेर्शरों’ असेच ओळखतात. नकाशावर शोधताना एक अडचण येईल: 2016 पासून रांदोने ही स्वतंत्र ग्रामपालिका राहिलेली नाही, ती तुरुव्र-ओ-पेर्श या एकत्रित पालिकेत विलीन झाली आहे.

समुद्रापासून इतक्या आत, जंगल आणि शेतीच्या मुलखात राहणारा हा माणूस कॅनडाला कसा पोहोचला? याचे उत्तर आहे ओळखीपाळखी आणि करारपत्रे. 1634 मध्ये रोबेर जिफार या पेर्शच्याच वैद्याला क्वेबेकजवळ बोपोर येथे जहागीर मिळाली आणि ती वसवण्यासाठी त्याने आपल्याच भागातून सुतार, गवंडी, शेतकरी गोळा केले. पुढे त्याच भागातील झ्युशरो बंधूंनी हे काम पुढे चालवले. माणूस गावच्या नोटरीसमोर तीन वर्षांच्या नोकरीचा करार करी, मालक जाण्याचा खर्च, जेवणखाण आणि ठरलेला पगार देई, आणि मुदत संपली की परत यायचे की तिथेच जमीन मिळवून राहायचे हे तो ठरवी. अशा लोकांना ‘छत्तीस महिन्यांचे’ म्हणत. प्येर त्रांब्लेने 1647 मध्ये नोएल झ्युशरो यांच्याशी असाच करार केला आणि ला रोशेल बंदरातून तो निघाला. म्हणजे ‘साधा मजूर’ ही माहिती बरोबर आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण त्या वसाहतीतील अनेक मोठ्या घराण्यांचे मूळ पुरुष असेच करारावर गेलेले होते.

ओझान आशों ही पेर्शची नव्हती. ला रोशेलजवळच्या ओनिस प्रांतातील शांबों हे तिचे गाव. या दोघांचा विवाह 2 ऑक्टोबर 1657 रोजी क्वेबेक येथे झाला. ‘राजाच्या कन्यां’चा प्रश्न या एका तारखेने सुटतो. राजाच्या खर्चाने सुमारे 770 तरुणींना नव्या फ्रान्समध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतील फ्रेंच वसाहतीत, पाठवण्याची योजना 1663 ते 1673 या काळातली. ओझान त्याच्या सहा वर्षे आधीच विवाहित होती. तिच्यासारख्या, योजनेपूर्वी स्वतःहून किंवा एखाद्या कुटुंबाच्या सोबतीने आलेल्या तरुणींना इतिहासकार ‘लग्नाच्या मुली’ अशा वेगळ्या वर्गात धरतात. माझ्या मते ही अधिक धाडसाची गोष्ट होती, कारण तिच्यामागे राजाचा हुंडा नव्हता आणि तेव्हाची वसाहत फारच लहान होती. नऊ वर्षांनी, 1666 च्या जनगणनेतसुद्धा संपूर्ण नव्या फ्रान्समध्ये 3,215 युरोपीय रहिवासी मोजले गेले.

या दांपत्याला बारा मुले झाली. ते क्वेबेकच्या खालच्या अंगाला, बोप्रे किनाऱ्यावर लांज-गार्दियां येथे स्थिरावले. आडनाव पुढे चालवले ते चार मुलांनी: प्येर, मिशेल, झाक आणि लुई. आपल्या कामाच्या दृष्टीने ही चार नावे फार महत्त्वाची आहेत, कारण सूनबाईंची साखळी मागे नेत गेल्यावर ती बहुधा या चौघांपैकी एकावर येऊन थांबेल, आणि वेगवेगळ्या बाजूंनी दोघांतिघांवरही, कारण आईच्या बाजूनेही त्रांब्लेच निघण्याची शक्यता मोठी आहे.

एका जोडप्याचे आडनाव प्रांतातील सर्वांत प्रचलित कसे झाले, याबद्दल लोकांना फार कुतूहल असते. प्रांताच्या सांख्यिकी संस्थेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत त्रांब्ले पहिल्या क्रमांकावर होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित अधिक. याचा अर्थ प्येर त्रांब्लेचे वंशज सर्वांत जास्त, असा मात्र होत नाही. 1800 पर्यंतच्या विवाहित वंशजांची मोजणी केली तर पेर्शचाच सुतार झकारी क्लुतिए पहिला येतो. फरक इतकाच, की वंशज मुलींकडूनही वाढतात आणि आडनाव केवळ मुलांकडून. शिवाय काही घराण्यांची आडनावे वाटेत बदलली. झां ग्वीयों या दुसऱ्या पेर्शकराच्या अनेक वंशजांचे आडनाव पुढे दिओं झाले. त्रांब्लेंच्या बाबतीत मुलगे पुष्कळ झाले, ते जगले, त्यांचे आडनाव बहुतांशी टिकले आणि त्यांना पसरायला रिकामी जमीन मिळत गेली.

त्यातली जमीन ही बाब मला सर्वांत निर्णायक वाटते. लांज-गार्दियांची जमीन दुसऱ्या पिढीलाच पुरेना, तेव्हा मुलगे सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर किनाऱ्याने खाली सरकले आणि बे-सां-पोल व आजूबाजूच्या डोंगराळ मुलखात, म्हणजे आजच्या शार्लव्वा भागात, वसले. थोरल्या मुलाने, म्हणजे धाकट्या प्येरने, 1710 मध्ये लेझेबुलमां ही जहागीर अदलाबदलीने मिळवली. ज्याचा बाप करारी मजूर म्हणून आला, तो मुलगा जहागीरदार झाला. सरदारकी शोधायचीच असेल तर ती इथे आहे, पण तीही जपून घ्यावी, कारण कॅनडातील जहागीर ही मुख्यतः जमीन वसवण्याची व्यवस्था होती आणि ती घेतल्याने कोणी उमराव ठरत नसे.

डोंगर आणि नदी यांच्या पट्टीत अडकलेला शार्लव्वाही एकोणिसाव्या शतकात भरून गेला. उत्तरेला सागने नदीचे खोरे होते, पण ते ‘राजाच्या ठाण्यां’चा भाग म्हणून हडसन्स बे कंपनीकडे भाडेपट्ट्याने होते आणि फरच्या व्यापारासाठी तिथे वसाहतीला मनाई होती. शार्लव्वातील ला माल्बेच्या लोकांनी पाइनची झाडे तोडण्याचा परवाना मिळवला आणि ‘एकवीस जणांची मंडळी’ स्थापन केली. पुढाकार अलेक्सी त्रांब्ले यांचा आणि पाठबळ विल्यम प्राइस या लाकूड व्यापाऱ्याचे. जून 1838 मध्ये पहिली तुकडी ग्रांद-बे येथे उतरली. नावाला लाकूडतोड, पण मागोमाग बायकामुले आणि गुरेढोरे आलीच. 1842 पर्यंत मंडळीच्या लाकूडगिरण्या प्राइस यांच्या हाती गेल्या, वस्ती मात्र कायमची झाली. सूनबाई सागनेच्या असतील तर त्यांचे पूर्वज 1838 नंतर केव्हातरी शार्लव्वाहून या वाटेने गेले असण्याची शक्यता फार मोठी आहे.

अलेक्सी त्रांब्ले यांना ‘पिकोते’ म्हणत, म्हणजे देवीच्या वणांचा. हे टोपणनाव इथे मुद्दाम सांगतो, कारण त्यातून सागनेच्या नोंदी वाचतानाची मुख्य पंचाईत कळते. एका गावात निम्मे शेजारी त्रांब्ले असले की आडनावाने कोणाचीच ओळख पटत नाही, मग ‘लुईच्या प्येरचा झोझेफ’ अशी बापआजांची माळ लावावी लागे किंवा टोपणनाव द्यावे लागे. त्यातच बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या नावात झोझेफ आणि मुलीच्या नावात मारी घालण्याची प्रथा. सूचीत ‘झोझेफ त्रांब्ले’ शोधला की पानेच्या पाने उलगडतात. म्हणून केवळ नाव आणि अंदाजे जन्मसाल जुळले म्हणून माणूस जोडू नये. आंतरजालावरील तयार वंशवृक्षांत सर्वाधिक गोंधळ मला इथेच आढळतो.

मग जोडावे कसे? विवाहनोंदींवरून. क्वेबेकमधील जुनी विवाहनोंद साधारण अशी असते: तीन रविवारी विवाहाची जाहीर घोषणा झाली आणि कोणी हरकत घेतली नाही, अमुक गावचा शेतकरी, अमुक आणि अमुक यांचा मुलगा, आणि तमुक व तमुक यांची मुलगी यांची संमती घेऊन विवाह लावला, साक्षीदार अमुक, वधूवरांनी सही करता येत नसल्याचे सांगितले. या चार-सहा ओळींत वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावे येतात, आणि आई तिच्या माहेरच्या आडनावाने येते. त्यामुळे एक लग्न सापडले की मागच्या पिढीची दोन लग्ने शोधता येतात. नवऱ्याचे नाव शेकडो जणांचे असले तरी नवरा आणि बायको ही जोडी सहसा एकच असते. माझा नियम असा आहे की जोडी जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही.

याच नोंदीत आणखी एक ओळ दिसली तर ती सोडू नये. ‘रक्तसंबंधाच्या तिसऱ्या आणि चौथ्या पायरीची सूट मिळाल्यावर’ असे लिहिले असेल, तर वधूवर नात्यातले होते आणि धर्मसत्तेची परवानगी घ्यावी लागली. चर्चच्या मोजणीत दुसरी पायरी म्हणजे सख्ख्या भावंडांची मुले, तिसरी म्हणजे त्यांची मुले, चौथी म्हणजे त्याहून एक पिढी पुढे. शार्लव्वात अशा सवलती इतक्या सापडतात की मी त्यांचा उपयोग पडताळणीसाठी करतो: आपण तयार केलेल्या वृक्षात ते नाते दिसत नसेल तर कुठेतरी चुकीचा माणूस जोडला गेला आहे.

अमेरिकेतील नातेवाइकांचा उल्लेख आपण केला नाही, पण तो निघेल. 1840 ते 1930 या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन लोक संयुक्त संस्थानांत गेले, त्यांतील पुष्कळजण लोवेल, मँचेस्टर, फॉल रिव्हर, वूनसॉकेट यांसारख्या कापड गिरण्यांच्या शहरांत. इंग्रजी बोलणाऱ्या कारकुनांनी ऐकू आले तसे लिहिले आणि ट्रॉम्ब्ली, ट्रेम्ब्ली अशी रूपे रूढ झाली. मिशिगनमधील बे सिटीच्या परिसरात 1830 च्या दशकात स्थायिक झालेले ट्रॉम्ब्ली व्यापारीही याच मुळाचे. उलट बाजूने, इंग्लंडहून आलेली काही कुटुंबे दिसायला जवळची आडनावे लावतात, त्यांचा या घराण्याशी संबंध नाही. अशा वेळी निर्णय आडनावावरून न घेता, कुटुंब कॅथलिक होते का आणि क्वेबेकमधील विवाहनोंद सापडते का, यावरून घ्यावा.

डीएनए चाचणीबद्दल मोजकेच सांगतो, कारण ती आज ना उद्या कोणीतरी सुचवेल. मोजक्या संस्थापक कुटुंबांतून वाढलेल्या आणि आपसांत लग्ने करत आलेल्या समाजात चाचणी नाते प्रत्यक्षाहून जवळचे दाखवते. दोन व्यक्ती दहा वेगवेगळ्या वाटांनी दूरच्या नातेवाईक असतील, तर त्या सगळ्या वाटांचा सामायिक अंश एकत्र मोजला जाऊन त्या जवळच्या चुलत बहिणी असल्यासारखे दिसते. मोजक्या संस्थापक कुटुंबांतून वाढ झाल्यामुळेच शार्लव्वा आणि सागने भागात काही आनुवंशिक आजारांचे प्रमाण अधिक आहे, आणि त्यांचा अभ्यास वंशावळींच्या मदतीने होतो; शिकुतिमी येथे 1972 मध्ये सुरू झालेला बाल्झाक हा लोकसंख्या-नोंदींचा संग्रह त्यातूनच नावारूपाला आला. सूनबाईंच्या कुटुंबात अशा तपासणीची चर्चा झाली असेल तर तो विषय त्यांच्या डॉक्टरांसाठी ठेवावा, वाढदिवसाच्या भेटीत त्याची गल्लत करू नये.

प्रत्यक्ष कामाला लागताना बरेच काही कुटुंबाकडे असलेल्या कागदांवर अवलंबून राहील. क्वेबेकमध्ये 1994 पूर्वी चर्चमधील नोंद हीच सरकारी नोंद होती, पण अलीकडच्या काळातील नोंदी खासगीपणासाठी बंद असतात. म्हणून शेवटच्या तीन पिढ्यांची माहिती घरातूनच मिळवावी लागेल: लग्नाची प्रमाणपत्रे, मृत्यूची निवेदने, कबरीवरची अक्षरे, पणजीच्या तोंडची नावे. 1981 पासून क्वेबेकच्या कायद्यानुसार स्त्री लग्नानंतरही जन्माचेच आडनाव वापरते, त्यामुळे अलीकडच्या कागदांतही माहेरचे नाव शोधत बसावे लागत नाही. त्यामागच्या काळासाठी क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने चर्चनोंदींच्या प्रतिमा खुल्या केल्या आहेत, खासगी द्रुएँ संग्रहात त्या सूचीसह मिळतात, आणि मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या ऐतिहासिक लोकसंख्या प्रकल्पाने जुन्या काळातील कुटुंबे आधीच जुळवून ठेवली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आपण पोहोचलात की तिथून 1657 पर्यंतची वाट बहुतांशी तयार आहे. फ्रान्सच्या बाजूच्या नोंदी आलांसों येथील ओर्न जिल्हा अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. सतराव्या शतकाचे हस्ताक्षर मात्र सवयीशिवाय लागत नाही, तिथे मदत घ्यावी.

वंशवृक्ष कोणत्या आकाराचा करायचा, हे आपल्या हेतूवर ठरेल. केवळ आडनावाची सरळ रेघ हवी असेल तर प्येरपासून नातीच्या आईपर्यंत दहा-बारा विवाह पुरतात आणि ते काम काही आठवड्यांत होऊ शकते. मी स्वतः आपल्या जागी असतो तर पंख्याच्या आकाराचा वृक्ष करून नातीच्या आईच्या आठही पणजोबा-पणज्यांपासून मागे गेलो असतो, कारण सागनेच्या माणसाच्या त्या पंख्यात त्रांब्ले, बूशार, सिमार, गान्यों ही नावे पुन्हा पुन्हा कशी येतात, हेच त्या मुलखाचे खरे वैशिष्ट्य आहे. त्याला वेळ अधिक लागेल.

सुरुवात म्हणून सूनबाईंच्या आईवडिलांचे आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांचे विवाह कोणत्या चर्चमध्ये आणि कोणत्या वर्षी झाले, एवढे त्यांना विचारून घ्यावे. 1920 च्या आधीचा एक विवाह जरी जोडीच्या पूर्ण नावांसह हाती लागला, तरी ती शाखा प्येर, मिशेल, झाक किंवा लुई यांपैकी कोणाकडे जाते ते शोधायला सुरुवात करता येईल.